धुरा

आमच्या घरापासून गाडीने सात मिनिटांवर एक रस्ता आहे. त्याचं नावच स्टेट लाइन रोड. उत्तर-दक्षिण जाणारा. पश्चिमेच्या अंगाला कॅन्सस, पूर्वेच्या अंगाला मिसूरी. कॅन्सस सिटी हे शहर दोन्हीकडे पसरलेलं, त्यामुळे इथल्या माणसांना त्या रस्त्याचं काही अप्रूप नाही. या बाजूला किराणा, त्या बाजूला दातांचा डॉक्टर. मी तो दिवसातून दोन-चारदा ओलांडते. झाडं तीच, घरं तशीच, बर्फ पडला तर दोन्हीकडे सारखाच पडतो. अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेट तेवढ्या बदलतात.

पहिली दोन वर्षं मलाही तो नुसता रस्ताच होता. मग मुलाच्या शाळेत कॅन्ससचा इतिहास सुरू झाला आणि एका संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरला. सालं घालून राज्यं रंगवायची होती. मी पोळ्या लाटत होते. मिसूरीवर त्याने काळसर रंग फिरवला, त्याच्या डावीकडचा कॅन्सस कोराच ठेवला, आणि दोन्हींच्या मधे पट्टीने एक रेघ मारली. ती रेघ म्हणजे आमचा रस्ता. पोळी तव्यावर करपली तरी मी त्या रेघेकडे बघत उभी होते.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. आबांच्या वावराचा धुरा शेजारी दर पावसाळ्यात नांगराच्या एका तासाने कोरत असे. त्यावरून दोन घरांचं बोलणं किती वर्षं बंद होतं, ते मोजायचंही आम्ही सोडून दिलं होतं. मोजणी झाली, दगड रोवले, दगड उपटले, कोर्ट झालं. आबा म्हणायचे, "भांडन धुऱ्याचं नसते बाई, पल्ल्याड कोन काय पेरीन त्याचं असते." लहानपणी मला ते कळलं नाही. मला आठवतात त्या निंदायला येणाऱ्या बाया. आज आमच्या वावरात, उद्या शेजाऱ्याच्या. धुरा दोन हात इकडे सरकला काय नि तिकडे सरकला काय, त्यांची मजुरी तीच. आणि त्या भांडणात त्यांना कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

त्या बाया आणि अमेरिकेतले गुलाम ही एक गोष्ट नाही. आमच्या बायांना कुणी विकत नव्हतं, त्यांची मुलं त्यांच्या कुशीतून काढून कुणी लिलावात उभी करत नव्हतं. ही तफावत मी विसरणार नाही. पण कुणाच्या तरी कष्टावर उभं असलेलं भांडण आणि त्या भांडणात ते कष्टकरी कुठेच नसणं, हे मी पाहिलेलं होतं. म्हणून अमेरिकेच्या यादवी युद्धाआधीची चाळीस वर्षं वाचायला घेतली तेव्हा ती मला परकी वाटली नाहीत.

त्या सगळ्याच्या बुडाशी कापूस आहे. कापूस मला पुस्तकातून कळलेला नाही. उमललेल्या बोंडाची वाळकी टोकं वेचताना बोटांना कशी टोचतात, ते माहीत आहे. आजी देवाच्या वाती वळायची, त्यासाठी सरकी काढायचं काम आम्हा मुलींचं. सरकी रुईला अशी घट्ट धरून असते की वाटीभर कापूस साफ करायला संध्याकाळ जायची. अमेरिकेतल्या आखूड धाग्याच्या कापसाची हीच अडचण होती. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र केलं आणि ती अडचण संपली. आपण ज्याला आजही जिनिंग म्हणतो ते तेच. यंत्राने सरकी काढली, पण वेचणी हातानेच राहिली, आणि ते हात विकत घेतलेले होते. १७९० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ३९ लाख ५३ हजार. त्याच सुमारास कापसाच्या वर्षाला चाळीस लाखांवर गाठी निघत होत्या आणि देशाच्या निर्यातीचा निम्म्याहून जास्त पैसा एकट्या कापसाचा होता.

गुलामगिरी होती तिथेच का राहू शकली नाही, तिला सतत नवी जमीन का लागत होती, हे समजायला मला वेळ लागला. एक कारण जमिनीचं. तंबाखू आणि कापूस माती खाऊन टाकतात; त्या काळी थकलेली जमीन सोडून पश्चिमेकडे सरकणं हाच उपाय होता. दुसरं कारण सिनेटचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या वरच्या सभागृहाचं. राज्य लहान असो की मोठं, सिनेटमध्ये जागा दोनच. नवीन राज्यं गुलामी नसलेली झाली तर एक दिवस तिथलं बहुमत कायदा करून सगळंच बंद करील, ही दक्षिणेची भीती होती.

तिसरं कारण मी वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. १८०८ पासून आफ्रिकेतून माणसं आणायला बंदी होती. त्यामुळे मिसिसिपी, अलाबामा, टेक्सासच्या नव्या मळ्यांना माणसं पुरवायची ती व्हर्जिनिया, मेरीलँड यांसारख्या जुन्या राज्यांनी. नवा प्रदेश गुलामीला मोकळा झाला की व्हर्जिनियातल्या माणसाचा भाव चढायचा. म्हणजे रिचमंडच्या एखाद्या झोपडीत जन्मलेल्या पोराची किंमत हजार मैलांवर नकाशावर रेघ कुठे पडते त्यावर ठरत होती. १७९० ते १८६० या काळात सुमारे १० लाख माणसं अशी जुन्या राज्यांतून खोल दक्षिणेत नेली गेली. कुणी मालकाबरोबर, बरीचशी विकली जाऊन. आईपासून, नवऱ्यापासून, भावंडांपासून तुटून.

ही रेघ पहिल्यांदा मोठ्याने भांडली गेली ती मिसूरीसाठी. १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना घेतलेल्या अफाट प्रदेशातला तो तुकडा. १८१९ मध्ये अकरा राज्यं गुलामीची, अकरा मुक्त. न्यूयॉर्कचा खासदार जेम्स टॉलमेज याने सुचवलं की मिसूरीला राज्य करायचं तर तिथे यापुढे गुलाम नेता येणार नाहीत आणि तिथे जन्मलेली मुलं पंचवीस वर्षांची झाली की मोकळी. सभागृहात रान पेटलं. १८२० मध्ये तोड निघाली: मिसूरी गुलामीचं राज्य, त्याच्या जोडीला मेन मुक्त राज्य, आणि उरलेल्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी कायमची बंद. मुलाने कॅन्सस कोरा ठेवला तो यामुळे. कायद्यातला शब्द 'कायमची' असाच होता.

माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन तेव्हा म्हातारा होऊन घरी बसलेला. त्याने एका पत्रात लिहिलं की रात्रीच्या अंधारात आगीची घंटा वाजावी तसा हा प्रश्न मला दचकवून गेला. त्याच पत्रात तो म्हणतो, आपण लांडग्याला कानाने धरलंय. धरून ठेवता येत नाही आणि सोडताही येत नाही. किती अचूक! पण हे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घरात शंभरावर गुलाम होते. ज्यांना तो लांडगा म्हणत होता तीच माणसं त्याचं ताट वाढत होती.

तडजोड या शब्दाला आपल्याकडे फार मान आहे. गावातली वडीलधारी माणसं दोन पक्षांना बसवतात, दोघेही थोडं सोडतात, चहा होतो. १८२० ची ती तडजोड आणि पुढची १८५० ची, दोन्ही करणारे मोठे लोक होते; देश फुटू नये म्हणून त्यांचा जीव तुटत होता यात शंका नाही. पण दोघांनी थोडं थोडं सोडलं म्हणताना जे सोडलं ते त्यांचं नव्हतंच. मिसूरीत पुढच्या चाळीस वर्षांत गुलामांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या माणसांच्या वतीने त्या बैठकीत कुणीही बसलेलं नव्हतं.

१८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध झालं आणि पुन्हा नवी जमीन, पुन्हा तेच. उत्तरेतला खासदार डेव्हिड विल्मॉट याने ठराव आणला की मेक्सिकोकडून मिळणाऱ्या भूमीत गुलामगिरी नको. खालच्या सभागृहात तो पास व्हायचा आणि सिनेटमध्ये अडायचा. १८५० च्या तडजोडीत कॅलिफोर्निया मुक्त राज्य झालं, आणि त्याच्या बदल्यात दक्षिणेला मिळाला पळालेल्या गुलामांना पकडण्याचा कडक कायदा. त्यात एक कलम आहे. पकडून आणलेला माणूस गुलाम आहे की नाही हे ठरवणाऱ्या कमिशनरला फी ठरवून दिलेली: मालकाच्या हवाली केलं तर दहा डॉलर, सोडून दिलं तर पाच. कागदपत्र जास्त लागतात म्हणून फी दुप्पट, असं त्याचं समर्थन. आणि पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची परवानगी नव्हती.

या कायद्याने तो प्रश्न सीमेवरून उचलून बोस्टनच्या रस्त्यावर आणला. मे १८५४ मध्ये तिथे अँथनी बर्न्स नावाच्या तरुणाला धरलं. व्हर्जिनियातून निसटून तो एका कपड्यांच्या दुकानात कामाला लागला होता. २ जूनला त्याला सैन्याच्या गराड्यात जहाजापर्यंत चालवत नेलं, तेव्हा सुमारे ५० हजार माणसं रस्त्याच्या दुतर्फा उभी होती. घरांवर काळी कापडं, एका जागी हवेत लटकवलेली शवपेटी. अमोस लॉरेन्स हा तिथला कापड-धंद्यातला मोठा आसामी. त्याने लिहून ठेवलंय की रात्री झोपलो तेव्हा आम्ही जुन्या वळणाचे, तडजोड मानणारे लोक होतो, आणि उठलो ते गुलामगिरीचे कट्टर शत्रू होऊन. दक्षिणेच्या कापसावर चालणाऱ्या गिरण्यांचा माणूस हे म्हणत होता.

त्याच आठवड्यात, ३० मे १८५४ ला, वॉशिंग्टनमध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली. इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस याला शिकागोहून पश्चिमेकडे रेल्वे न्यायची होती, त्यासाठी हा प्रदेश राज्यकारभाराखाली आणायला हवा होता आणि दक्षिणेची मतं हवी होती. म्हणून त्याने 'कायमची' हा शब्द चौतीस वर्षांनी पुसून टाकला. गुलामगिरी हवी की नको ते तिथे राहायला जाणारे लोक मतदान करून ठरवतील! ऐकायला किती न्याय्य वाटतं. लोकांचा कौल. पण ज्यांच्या गळ्याशी तो कौल येणार होता त्यांना मत नव्हतं. आणि जी जमीन 'कोरी' म्हणून वाटली गेली तिथे कॉ, ओसेज, शॉनी, डेलावेअर हे लोक राहत होते. त्यातल्या काहींना तर पूर्वेकडून हाकलून, हा प्रदेश तुमचाच म्हणून इथे आणून बसवलेलं होतं.

मग दोन्हीकडून माणसं धावली. लॉरेन्सच्या पैशावर न्यू इंग्लंडहून कुटुंबं आली आणि आमच्यापासून तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा जागी त्यांनी गाव वसवलं. त्याचं नाव लॉरेन्सच. मिसूरीवाल्यांना यायला रेघ ओलांडायचीच काय ती खोटी. ३० मार्च १८५५ ला विधिमंडळाची निवडणूक झाली. थोडंच आधी केलेल्या गणतीत मतदार होते २,९०५. पेटीत मतं पडली ६,३०७. मिसूरीहून गाड्या भरून, बंदुका आणि सुरे घेऊन लोक आले, मत टाकून संध्याकाळी परतले. त्यांचा पुढारी डेव्हिड ॲचिसन हा त्याच महिन्याच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसणारा माणूस.

असं निवडून आलेलं विधिमंडळ जिथे भरलं ती जागा आमच्या घराजवळच आहे. शॉनी मिशन. शॉनी आणि इतर जमातींच्या मुलांसाठी मिशनऱ्यांनी काढलेली शाळा. विटांच्या तीन इमारती अजून उभ्या आहेत. मी गेले तेव्हा हवेत गारठा होता, आत लाकडी जमीन पावलागणिक करकरत होती. शाळेचा प्रमुख रेव्हरंड थॉमस जॉन्सन स्वतः गुलाम बाळगून होता. ज्या काउंटीत मी राहते, घरपट्टी भरते, ती जॉन्सन काउंटी त्याच्याच नावाची. १८५५ च्या उन्हाळ्यात या इमारतीत कायदा झाला की या प्रदेशात गुलाम बाळगण्याचा हक्क नाही असं जो बोलेल वा लिहील त्याला किमान दोन वर्षं सक्तमजुरी. बंड करायला गुलामांना चिथावलं तर फाशी. मी त्या खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिले. बाहेर एक बाई कुत्र्याला फिरवत होती.

मे १८५६ चे ते चार-पाच दिवस मात्र सविस्तर सांगायला माझं मन धजत नाही. २१ तारखेला लॉरेन्समध्ये गुलामगिरीवाल्यांची जाळपोळ. २२ ला थेट सिनेटच्या सभागृहात, कॅन्ससवरच्या भाषणाचा सूड म्हणून, दक्षिणेतला खासदार प्रेस्टन ब्रुक्स याने गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनरला काठी मोडेपर्यंत मारलं. समनर सावरून पूर्णपणे कामावर यायला तीनेक वर्षं गेली, आणि ब्रुक्सला दक्षिणेतून नव्या काठ्या भेट आल्या. २४ च्या रात्री कॅन्ससमधल्या पोटावाटोमी ओढ्याकाठी गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन आणि त्याच्या माणसांनी पाच जणांना घरातून बाहेर ओढून तलवारींनी तोडलं. त्या पाचांपैकी एकाकडेही गुलाम नव्हते. ब्राउनच्या बाजूने मी कितीही विचार केला तरी त्या रात्रीचं समर्थन मला करता आलेलं नाही.

उत्तरेच्या बाजूचंही सगळं सोनं नव्हतं, हे पचवणं मला जड गेलं. विल्मॉटने स्वतःच सांगितलं होतं की त्याला नव्या भूमी गोऱ्या कष्टकऱ्यांसाठी राखायच्या आहेत. कॅन्ससच्या मुक्त-राज्यवाद्यांनी आपली घटना तयार केली तेव्हा स्वतंत्र काळ्या माणसांनाही इथे येऊ देऊ नये, यावर त्यांनी कौल घेतला आणि तो मंजूर झाला. गुलामगिरी नको आणि गुलामही नकोत. मला आठवण झाली जोतीराव फुल्यांची. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापताना त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या उदार, निःस्वार्थ त्यागाबद्दल. इथे येऊन हे सगळं वाचल्यावर मला आधी वाटलं, जोतीरावांपर्यंत अर्धीच हकिकत पोहोचली असावी. आता तसं वाटत नाही. त्यांनी अर्पण केलं ते ज्यांनी खरोखर किंमत मोजली त्यांना, आणि अशी माणसं होती. पुण्यात बसून त्यांना नेमकी ती माणसं दिसली, कारण आपल्या देशबांधवांनीही असाच त्याग करावा, हीच त्यांची आस होती.

सेंट लुईस इथून चार तासांवर. कॅल्व्हरी दफनभूमीत ड्रेड स्कॉटची कबर आहे. त्याचा मालक डॉ. इमर्सन हा सैन्यातला डॉक्टर; त्याने स्कॉटला इलिनॉय आणि विस्कॉन्सिन प्रदेशात, म्हणजे रेघेच्या मुक्त बाजूला, काही वर्षं राहायला नेलं होतं. मुक्त भूमीत राहिलो म्हणजे मी मुक्त, एवढंच स्कॉटचं म्हणणं. १८४६ मध्ये तो आणि त्याची बायको हॅरिएट, दोघांनी सेंट लुईसच्या कोर्टात दावा लावला. निकाल लागला ६ मार्च १८५७ ला, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात. सात विरुद्ध दोन. सरन्यायाधीश टॉनी यांनी लिहिलं की गोऱ्या माणसाने मानलाच पाहिजे असा कुठलाही हक्क या वंशाच्या माणसाला नाही. आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, प्रदेशांत गुलामगिरीबंदी करण्याचा अधिकारच नव्हता. म्हणजे १८२० ची रेघ पहिल्यापासूनच बेकायदा.

आता पट्टीने मारायला रेघ उरली नाही. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १८६० मध्ये गुलामगिरी पसरू देणार नाही एवढंच म्हणणारा लिंकन निवडून आला. असलेली गुलामगिरी काढीन असंही तो म्हणत नव्हता. तरी २० डिसेंबरला साउथ कॅरोलिना फुटलं. दक्षिणेचे सिनेटर उठून गेले, तेव्हा २९ जानेवारी १८६१ ला कॅन्सस मुक्त राज्य झालं. १२ एप्रिलला दक्षिणेने साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट सम्टर या सरकारी किल्ल्यावर तोफ डागली आणि युद्ध पेटलं. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसं मेली. दक्षिणेची बंदरं अडवली गेली म्हणून आमच्या वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे विलायतेला धडाक्याने जाऊ लागला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये ओसरला. १८६० च्या शिरगणतीत कॅन्ससमध्ये गुलाम किती होते? दोन.

स्कॉटच्या कबरीच्या दगडावर एकेक सेंटची नाणी ओळीने ठेवलेली असतात, लिंकनचा चेहरा वर करून. लोक येतात आणि ठेवून जातात. निकालानंतर अडीच-तीन महिन्यांत इमर्सनच्याही आधीच्या मालकाच्या मुलाने स्कॉट कुटुंबाला मोकळं केलं. स्कॉट एका हॉटेलात हमाली करी, हॅरिएट लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करी, आणि देशभर ज्याच्या नावाने आग लागली होती तो माणूस ते कपडे घरोघर पोचवी. पुढच्या वर्षी सप्टेंबरात तो क्षयाने गेला.

आणखी एकाचं नाव लिहायचं आहे. मुलाच्या पुस्तकात ते नव्हतं. जिम डॅनियल्स. डिसेंबर १८५८. मिसूरीतला गुलाम. मालक मेला होता आणि वाटणीसाठी याची, गरोदर बायकोची आणि मुलांची विक्री व्हायची होती. झाडू विकायचं निमित्त सांगून तो एकटा रेघ ओलांडून कॅन्ससमध्ये आला. जो माणूस भेटला त्याला झाडू दाखवता दाखवता त्याने मदत मागितली. तो माणूस जॉन ब्राउनचा साथीदार निघाला. पुढच्याच रात्री ब्राउन आणि त्याची माणसं मिसूरीत शिरली. एक मालक मारला गेला. अकरा माणसं बाहेर काढली.

स्टेट लाइन रोडच्या सिग्नलला थांबले की मला तो झाडूंचा भारा दिसतो. खांद्यावर घेतलेला, थंडीतला. चाळीस वर्षं मोठमोठ्या माणसांनी ती रेघ आखली, पुसली, तिच्यावर मतं टाकली, निकाल दिले. हा ती चालत ओलांडून आला, आणि बायकोसाठी परत मागे गेला.

ऐन थंडीत, लपतछपत, कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा, मग रेल्वेच्या बंद डब्यातून शिकागो. डॅनियल्सच्या बायकोला वाटेतच मुलगा झाला. १२ मार्च १८५९ ला डेट्रॉइटहून नावेने नदी पार करून ते कॅनडाच्या काठाला लागले. निघाले तेव्हा अकरा होते, उतरले तेव्हा बारा.